सतराव्या पानापासून स्पेन

पुस्तकाला पहिली सोळा पानं नव्हती. मुखपृष्ठ नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं, आणि पूर्णा स्टेशनावर ज्या माणसाने ते काशीनाथ मास्तरांना विकलं, त्याला हे पुस्तक आहे की रद्दी, हेही ठाऊक नव्हतं. उरलेल्या पानांच्या तळटीपांवरून एवढंच कळत होतं, की नाटक स्पेनमधलं आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं आहे आणि कुणीतरी ते इंग्रजीत उतरवलं आहे. दुसऱ्या कुणी ते गाडीत वाचून गाडीतच सोडलं असतं. काशीनाथ मास्तर सोनपेठच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत त्याचं मराठी भाषांतर केलं आणि १९८६च्या फेब्रुवारीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, ते करून दाखवायचं जाहीर केलं.

नाटक तसं साधं होतं. पडदा वर जातो तेव्हा एक विधवा खुर्चीत बसलेली असते. गावात ड्यूक आला की सगळ्यांनी उभं राहायचं, असा तिथला कायदा. ड्यूकच्या शिपायांनी या बाईचा मुलगा उचलून नेलेला असतो. बाई म्हणते, माझा मुलगा कुठे आहे ते सांगा, मग उठते. पुढची नव्वद पानं ड्यूक, पाद्री आणि न्यायाधीश तिला उठवायला येतात आणि ती उठत नाही. शेवटच्या पानावर गावकरी एकेक करून खाली बसतात आणि ड्यूक एकटा उभा राहतो. मारामारी नाही, गाणं नाही, प्रेमप्रकरणही नाही.

ती बाई मुळात त्या खुर्चीत बसली कशी, हे अर्थातच पहिल्या सोळा पानांत गेलेलं होतं. ते मास्तरांना फार लागून राहिलं. त्यांनी स्वतः पाच वेळा तो प्रवेश लिहून पाहिला. त्यात विजा चमकवल्या, मठातल्या घंटा वाजवल्या, नवऱ्याचं भूत आणलं. सुमंगलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पाचही वाचले आणि म्हणाल्या, "अहो, सतराव्या पानापासूनच करा. लोक तसेही उशिराच येतात."

उशिरा येणं हाच तर मास्तरांचा जुना घाव होता. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव कधीच वेळेवर येत नसत. ते नाटक निम्मं झाल्यावर यायचे. मग नाटक थांबायचं, सगळे उभे राहायचे, शाल, श्रीफळ, हार, भाषण, आणि भाषणानंतर नाटक पुन्हा जिथून तुटलं तिथून जोडायचं. मागच्या वर्षी मास्तरांचा नायक तिसऱ्या अंकात मरून पडला होता तेव्हा जीप आली. नायक सगळ्यांत उंच, म्हणून हार घालायला त्यालाच उठवलं. हार घालून तो परत आला, पुन्हा आडवा झाला, आणि त्याच्या आईचा शोक सुरू झाल्यावर सहाशे माणसं पोट धरून हसली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्षक-खोलीत चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "यापुढे माझं नाटक कुणासाठीही थांबणार नाही."

चहा निवायच्या आत हे भगवानरावांच्या कानावर गेलं. भगवानराव चिडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी फक्त निरोप धाडला, "मास्तर मोठे गुणी हायेत. नदीपलीकडच्या आपल्या शाखेला इंग्रजीचा मास्तर न्हाई." त्या शाखेला दोन वर्ग होते. त्यातल्या एकात सरकीची पोती होती आणि पावसाळ्यात तिकडे जायला रस्ता नव्हता.

तेव्हा मास्तरांच्या दृष्टीने मामला आता स्पेनचा राहिला नव्हता. नाटक एकदाही न थांबता सतराव्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाणार, नाही तर आपण मास्तर कसले, असा तो मामला होता.

सल्ले देणारे मात्र स्पेनवरच अडले. शेजारी अप्पाराव तलाठी राहत. रोज सकाळी दात घासता घासता ते भिंतीवरून डोकावत.

"मास्तर, ड्यूकचा पाटील करा. स्पेनचं आपलं झरी गाव करा. लोकायला कळंल तरी."

"अप्पाराव, हे भाषांतर आहे, रूपांतर नाही."

"बरं, मग एक लावणी टाका. बाई तीन अंक नुसती बसायलीय. बसल्या बसल्या म्हणंल."

"विधवा आहे ती!"

"मग अभंग टाका," अप्पाराव चूळ भरून म्हणाले.

सुमंगलाबाईंची शंका वेगळी होती. "ही बाई दोन तास खुर्चीत बसते, आणि एकजणही तिला चहा टाक म्हणत नाही? कुठंय हा देश?" पण मास्तरांचं अक्षर त्यांच्याखेरीज कुणालाच लागत नसल्यामुळे विंगेत बसून नाटक सांगायचं, म्हणजे विसरलेलं वाक्य पुरवायचं काम त्यांच्याकडे आपोआप आलं.

मग परवानगी. मुंबईच्या कार्यालयाला संहितेच्या तीन प्रती पाठवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: मूळ लेखकाचे संमतीपत्र जोडलेले नाही. मास्तरांनी कळवलं, लेखक अज्ञात असून त्यांना वारून तीनशेहून जास्त वर्षं झाली आहेत. उत्तर आलं: मृत्यूचा दाखला जोडावा. मास्तर तीन दिवस तो कागद खिशात घालून फिरले. जो भेटेल त्याला दाखवत आणि "ही आपली अवस्था!" म्हणून कपाळाला हात लावत. चौथ्या दिवशी तो कागद अप्पारावांनी वाचला आणि ते अजिबात हसले नाहीत. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते काम आज आलं, अशा गंभीरपणे त्यांनी चष्मा पुसला.

"दाखला न्हाई मिळत, पर पंचनामा करता येतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी केला. "आम्ही खाली सह्या करणार पंच लिहून देतो की, सदर नाटकाचा लेखक मौजे सोनपेठ येथे व शिवारात समक्ष शोध घेतला असता मिळून आला नाही. तो आमच्या माहितीप्रमाणे हयात नाही. त्याच्या वारसांनी आजपावेतो कोणतीही तक्रार केलेली नाही." खाली पाच सह्या, त्यातला एक अंगठा आणि तलाठ्याचा गोल शिक्का. शिवारात शोध घेतला हे अगदी खरं होतं. अप्पाराव पाचही पंचांना घेऊन नदीपर्यंत जाऊन आले होते. आठव्या दिवशी मुंबईहून परवानगी आली.

फौजदारांचं प्रकरण त्यापेक्षा लवकर आटोपलं. त्या काळात विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा इतका पोळलेला होता, की चाळीस माणसं एका मांडवात बसली तरी पोलीस विचारपूस करत.

"नाटकात विद्यापीठ हाय का?"

"नाही."

"कुनाचं नाव बदलतं का?"

"मी एकही नाव बदललेलं नाही," मास्तर अप्पारावांची आठवण येऊन जरा तिखटपणे म्हणाले.

"काही जळतं का?"

"एक मेणबत्ती."

"ती नका लावू," फौजदार म्हणाले आणि सही केली.

संध्याकाळी वीज जायची, म्हणून प्रयोग दुपारी चारचा ठरला. कपडे बन्सीधर बँडवाल्याकडे होते. लाल कोट, सोनेरी कलाबतू, खांद्यावर झुबके. मास्तरांना ते पाहताच माद्रिद दिसलं. पण बन्सीधरचा नियम होता, की कोट एकटा कुठे जात नाही, आत माणूस पाहिजे. एकदा एका लग्नात त्याचे दोन कोट परत आले नव्हते. त्यामुळे ड्यूकच्या सैन्यात बन्सीधरसह आठ बँडवाले भरती झाले. वाद्यं घरी ठेवून या, असं मास्तरांनी बजावल्यावर बन्सीधर दुखावला. "वाद्याबिगर आमी कोटात उभं ऱ्हायाचं? लोक काय म्हणतील?" शेवटी वाद्यं हातात धरायची पण वाजवायची नाहीत, असा तह झाला.

आता विधवा. शाळेतल्या दोन्ही शिक्षिका तयार होत्या, पण कुंकू पुसून स्टेजवर बसायला त्यांच्या घरचं कुणी तयार होईना. स्पेनमध्ये कुंकू नसतंच, हे मास्तरांनी नकाशा काढून सांगितलं. एका सासूने तो नकाशाही परत केला. तेव्हा पाण्याची घागर खाली ठेवत चतुराबाई म्हणाली, "म्या करते की. मला पुसायचं काय ऱ्हायलंय?"

चतुराबाई शाळेची सेविका. एकोणीस वर्षं ती शाळेत झाडत होती, पाणी भरत होती. तिला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी नाइलाजाने हो म्हटलं. पण दहा दिवसांत तिने सगळं काम नुसतं ऐकून पाठ केलं. आपलंच नाही, ड्यूकचं आणि पाद्र्याचंही. वर्ग झाडता झाडता ती न्यायाधीशाचं निकालपत्र म्हणायची.

दोनच अडचणी होत्या. पहिली भाषेची. "महाराज, माझा पुत्र कोठे आहे ते सांगा, तोवर मी उठणार नाही," असं मास्तरांचं वाक्य होतं. चतुराबाई म्हणे, "माझं पोरगं कुठं हाय ते सांगा, मंग उठते." मास्तर दुरुस्त करत, ती मान हलवून पुन्हा तेच म्हणे. दुसरी अडचण भयंकर होती. ड्यूक आत आला, की ती उठायची.

ड्यूकचं काम चित्रकलेचे दिनकरराव सर करत. ते विंगेतून "कोण बसलंय?" म्हणत आले, की चतुराबाई पदर सावरून ताठ उभी! जे नाटक बाई उठत नाही यावर उभं होतं, त्यातली बाई दर पानाला उठत होती.

"अहो बाई, बसायचंय तुम्हाला!"

"कळतंय सर. पर सर लोक आले की गुडघं आपसूक उठतेत."

मास्तरांनी तिला खुर्चीचे हात घट्ट धरायला लावले. दिनकररावांना मोठ्या मिशा न लावता आणून पाहिलं. सुमंगलाबाईंनी तिचा पदर खुर्चीच्या पायाला बांधला, तर ती खुर्चीसकट उठली. शेवटच्या तालमीतही ती दोनदा उठली आणि दुसऱ्यांदा उठल्यावर स्वतःच रडायला लागली. "तुमी दुसरं कुनी बगा सर. मला बसायची सवंच न्हाई." नाटकाच्या काळजीत हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं, की एकोणीस वर्षांत या बाईला आपणही कधी बसा म्हटलेलं नाही.

खुर्चीसुद्धा साधी नव्हती. उंच पाठीची, सिंहाच्या पायांची अशी एकच खुर्ची गावात होती. ती निजामाच्या वेळी हैदराबादेहून आलेली आणि संस्थेच्या कचेरीत भगवानरावांच्या बुडाखाली असलेली. भगवानरावांनी ती आनंदाने दिली. बरोबर निरोप दिला, "आमी आलो की नाटक जरा थांबवावं, सत्काराचा इंतजाम करावा, आन् खुर्ची खाली आणून आमाला बसाया द्यावी. बाकी शाखा हायेच." मास्तरांनी या निरोपाला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खुर्ची मात्र ठेवून घेतली. याला धैर्य म्हणायचं का, यावर नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता.

प्रयोगाच्या दिवशी चार वाजता मांडव खचाखच भरला. कडक उन्हात पितळी परातीचा चंद्र स्टेजवर टांगलेला होता. पडदा वर गेला. चतुराबाई खुर्चीत. पुढच्या रांगेतून एकाने विचारलं, "बाईला बरं न्हाई का?"

दिनकरराव गरजत आत आले. मास्तरांनी विंगेत डोळे मिटले. उघडले तेव्हा चतुराबाई बसलेली होती. हाताच्या शिरा फुगल्या होत्या, गुडघे उठू पाहत होते, पण बसलेली होती. पहिला अंक संपेपर्यंत लोकांची कुजबुज चालू होती. दुसऱ्या अंकात पाद्री तिला देवाची भीती घालायला लागला, तेव्हा मांडव गप्प झाला. मागे बसलेल्या बायकांतून दगडाबाई नावाची एक म्हातारी ओरडली, "आरं, त्या माउलीला सांग की मुडद्या, पोरगं कुठं हाय ते!" पाद्री वाक्य विसरला. साडेतीनशे वर्षांपूर्वीही असंच कुणीतरी ओरडलं असणार, असं मास्तरांना वाटलं आणि आपल्या त्या बिननावाच्या लेखकाला त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला.

तिसरा अंक शेवटाला आला. दोन पानं उरली होती. आणि जीप आली.

पुढचं सगळं एका मिनिटात झालं. भगवानराव मांडवाच्या तोंडाशी दिसले आणि ड्यूकच्या सैन्याने आयुष्यभराच्या सवयीने वाद्यं तोंडाला लावली. नवरदेव मांडवात शिरताना वाजते ती चाल दणदणत सुरू झाली. सहाशे माणसं उभी राहिली. पाद्री उभा राहिला, न्यायाधीश उभा राहिला, ड्यूकने टोपी काढून हात जोडले. शाल-श्रीफळाचं ताट घेऊन मुख्याध्यापक धावले. मास्तरांनी खाली पाहिलं, तर आपलेही हात जोडलेले! त्या क्षणी त्यांना जेवढी स्वतःची लाज वाटली तेवढी मेलेला नायक उठला तेव्हाही वाटली नव्हती. पडद्याची दोरी शेजारीच होती. ती ओढली की सत्कार, न ओढली की सरकीची पोती.

संस्थेचे दोन शिपाई स्टेजवर चढले. "चतुराबाई, ऊठ. सायबाला खुर्ची द्यायची हाय."

चतुराबाईचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबले गेले. ती एक बोटभर उचलली गेली. मास्तरांनी पाहिलं, विंगेतल्या सुमंगलाबाईंनी पाहिलं. मग ती पुन्हा टेकली, मागे पाठ लावून, पहिल्यांदाच पाठ लावून, ऐसपैस बसली. बँड एकेक वाद्य करत थांबला. तिने सरळ भगवानरावांकडे पाहिलं.

"माझं पोरगं कुठं हाय ते सांगा," ती म्हणाली. "मंग उठते."

भगवानरावांच्या एका खांद्यावर शाल पडली होती, दुसरा खांदा उघडा होता. "कुणाचं पोरगं? मला काय माहीत? म्या काय केलंय?" ते गडबडून म्हणाले. स्टेजवर पुढचं वाक्य कुणालाच आठवेना.

मग विंगेतून खणखणीत आवाज आला. सुमंगलाबाई नाटक सांगत होत्या. वाक्य सापडेना म्हणून त्यांनी कंसातली सूचनाच मोठ्याने वाचली: "गावकरी एकेक करून खाली बसतात!"

पहिली बसली दगडाबाई. तिला तसंही उभं राहवत नव्हतं. मग तिच्या शेजारची, मग एक रांग, मग दुसरी. बन्सीधरने क्लॅरनेट मांडीवर घेऊन बसकण मारली, त्याच्यामागे ड्यूकचं सैन्य बसलं. पाद्री, न्यायाधीश, दोन्ही शिपाई बसले. दिनकरराव सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुस्तकात नसताना तेही बसले. काशीनाथ मास्तरांनी जोडलेले हात सोडवले आणि पडद्याच्या दोरीवरच मांडी घातली, की आता ती ओढायची म्हटलं तरी निघू नये. मांडवात एकटे भगवानराव उभे राहिले, खुर्ची नसलेले. अगदी शेवटच्या पानावर लिहिलं होतं तसे.

नाटक थांबलं नव्हतं. ते संपलं होतं.

चौथ्या दिवशी बदलीचा हुकूम आला. मास्तरांनी तो उभ्यानेच वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला आणि सुमंगलाबाईंना म्हणाले, "बांधाबांध करा." सुमंगलाबाईंनी सगळ्यांत आधी संहिता बांधली. भगवानराव त्यानंतर पुष्कळ वर्षं अध्यक्ष होते, पण एक फरक पडला. कुठेही शिरायचं झालं, की ते दारातूनच घाईघाईने म्हणायचे, "बसा, बसा!" कुणी उठतंय की नाही, हे बघायची पाळीच ते येऊ देत नसत.

निघायच्या दिवशी चतुराबाई घरी आली. मास्तरांनी आधी तिला खुर्ची दिली, मग स्वतः बसले. सुमंगलाबाईंनी चहा टाकला.

"तिकडं बी करायचं का नाटक?" तिने विचारलं.

"करायचं! सरकीची पोती बाहेर काढून करायचं. तुम्ही याल?"

"येते की. खुर्ची हाय तिथं?"

"नाही."

"मंग बाजंवर बसते."

मास्तरांनी उसासा टाकला. "फक्त ती पहिली सोळा पानं मिळायला हवी होती. ती बाई मुळात बसली कशी, तेवढंच कळत नाही."

चतुराबाईने बशीतला चहा संपवला आणि नवलाने मास्तरांकडे पाहिलं. "त्यात सोळा पानं काय लिवायची सर? दमली आसंल. बसली."

मास्तरांनी बांधलेली संहिता सोडली, वर एक कोरा कागद लावला आणि आपल्या त्या न लागणाऱ्या अक्षरात, या वेळी मात्र सावकाश, गोल, कुणालाही वाचता येईल असं लिहिलं: "बाई दमली. बसली." खाली त्यांनी सतरावं पान जोडलं.